बधिर करणारे इंजेक्शन : मात्रा, श्वास आणि सावधगिरी

(कोल्हापूर येथे जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



साथीचे रोग, पिण्याचे पाणी, लसीकरण, माता-बालसंगोपन हे विषय आपण आरोग्यविषयक व्याख्यानांतून वारंवार ऐकता. आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे तो त्या मानाने किरकोळ वाटण्याचा संभव आहे. दाढ काढताना, ऊसतोडणीच्या कोयत्याने झालेल्या जखमेला टाके घालताना, कडबाकुट्टी यंत्रात सापडलेल्या बोटावर उपचार करताना, मोतीबिंदूच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराचा तेवढाच भाग बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतात, त्याविषयी मी बोलणार आहे. या सभागृहातील बहुतेकांनी ते आयुष्यात एकदा तरी घेतले असेल आणि कोणताही त्रास न होता ते घरी परतले असतील. हे औषध योग्य मात्रेत अत्यंत सुरक्षित आहे, हे मी प्रारंभीच स्पष्ट करतो. त्याची भीती बाळगून कोणी उपचार टाळू नयेत.

तथापि, मात्रा चुकली किंवा औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेले, तर हेच औषध काही मिनिटांत श्वास थांबवू शकते आणि हृदय बंद पाडू शकते. असे क्वचितच घडते. पण जेव्हा घडते तेव्हा रुग्णाचे प्राण वाचविणारी साधने आज उपलब्ध आहेत आणि ती तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवता येण्याजोगी आहेत. ती तेथे आहेत काय, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून माहिती अधिकारी म्हणून काम करतो. उपचार कसे करावेत हे सांगण्याचा अधिकार वैद्यांचा. वैद्यकाने मिळविलेले ज्ञान आपल्या भाषेत आपल्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम आहे.

कोकेनपासून लिग्नोकेनपर्यंत

शरीराचा एकच भाग बधिर करण्याच्या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी कोकेनचे थेंब डोळ्यात घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. रुग्ण जागा असताना, वेदनेविना डोळ्याची शस्त्रक्रिया करता येते, हे जगाला प्रथमच कळले. पण कोकेनचे दोषही लवकरच ध्यानात आले. त्याचे व्यसन लागे, आणि मात्रा वाढली तर झटके येऊन रुग्ण दगावे. म्हणून अधिक सुरक्षित औषधाचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये स्वीडनमधील निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले आणि १९४८ पासून ते वापरात आले. आपल्याकडे यालाच लिग्नोकेन म्हणतात. झायलोकेन हे त्याचे व्यापारी नाव तर दवाखान्यांतून इतके रुळले आहे की, पुष्कळांना तेच औषधाचे मूळ नाव वाटते. पुढे स्वीडनमध्येच १९५७ साली ब्यूपिवाकेन हे अधिक काळ टिकणारे औषध तयार झाले. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी हात, पाय किंवा कमरेखालचा भाग बधिर करण्यास ते उपयोगी पडू लागले.

जे मज्जातंतूला, तेच हृदयाला

ही औषधे वेदना कशी थांबवितात? मज्जातंतूतून संदेश पुढे सरकतो तो सोडियमच्या विद्युतभारित कणांच्या हालचालीमुळे. या कणांना आत येण्यासाठी मज्जातंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दरवाजे असतात. बधिर करणारे औषध हे दरवाजे बंद करते. संदेश अडतो आणि मेंदूपर्यंत वेदना पोहोचत नाही. औषधाचा अंमल ओसरला की दरवाजे पुन्हा उघडतात.

याच स्वरूपाचे दरवाजे मेंदूत आहेत आणि हृदयाच्या स्नायूतही आहेत. औषध जखमेच्या जागी राहते तोवर त्याचा परिणाम तेवढ्यापुरताच असतो. रक्तात त्याचे प्रमाण एकाएकी वाढले, तर बोटाच्या मज्जातंतूला जे होते तेच मेंदूला आणि हृदयालाही होते. मेंदूचे नियंत्रण बिघडून आधी झटके येतात, नंतर श्वास मंदावतो व थांबतो. हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्तदाब कोसळतो आणि शेवटी हृदय बंद पडते. ब्यूपिवाकेन हृदयाच्या दरवाजांना घट्ट धरून ठेवते आणि फार सावकाश सोडते. त्यामुळे त्याने बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करणे विशेष कठीण जाते. १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉर्ज आल्ब्राइट यांनी अशा घटनांकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर या औषधाच्या वापराविषयी जगभर अधिक काळजी घेतली जाऊ लागली.

येथे श्वासाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि रक्तातील आम्लता वाढते. अशा स्थितीत या औषधाचा विषारी परिणाम अधिकच तीव्र होतो. म्हणजे अडलेला श्वास विषाला बळ देतो आणि वाढलेले विष श्वास अधिक अडविते. हे चक्र पहिल्या मिनिटात तोडावयाचे असते. ते तोडण्याचे साधन म्हणजे प्राणवायू आणि तो फुप्फुसांत पोहोचविणारी, हाताने दाबावयाची पिशवी. दवाखान्यात तिला अँब्यू बॅग म्हणतात.

गणित पाचवी-सातवीचे

शिक्षक मित्रांनी पुढील हिशेबाकडे विशेष लक्ष द्यावे. औषधाच्या कुपीवर दोन टक्के असे छापलेले असते. दोन टक्के म्हणजे १०० मिलिलीटर द्रावणात २ ग्रॅम औषध, अर्थात एका मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साडेचार मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम अशी सर्वसाधारणपणे मानली जाते. त्यात ॲड्रिनलिन मिसळलेले असेल तर औषध रक्तात सावकाश शिरते, म्हणून दर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते.

आता ५० किलो वजनाचा शेतमजूर घ्या. ५० गुणिले साडेचार म्हणजे २२५ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या द्रावणात हे होतात सव्वाअकरा मिलिलीटर. लिग्नोकेनची नेहमी आढळणारी कुपी ३० मिलिलीटरची असते. तिच्यात ६०० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे या माणसासाठीच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक औषध त्या एका कुपीत भरलेले आहे. आता १५ किलो वजनाचे बालक घ्या. त्याची मर्यादा साडेसदुसष्ट मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिलीटर. "अजून थोडे द्या, दुखते आहे" या एका वाक्यानिशी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

यावर वैद्यकाने काढलेली तोडही साध्या गणिताचीच आहे. जखम मोठी असेल तर द्रावण पातळ करून एक टक्क्याचे करावयाचे. मग तेच २२५ मिलिग्रॅम औषध साडेबावीस मिलिलीटरमध्ये पसरते आणि दुप्पट जागेला पुरते. वृद्ध, तान्ही बालके, गरोदर स्त्रिया, तसेच हृदय व यकृताचे विकार असलेले रुग्ण यांच्याबाबत मर्यादा आणखी खाली आणावी लागते. यासाठी इंजेक्शनपूर्वी रुग्णाचे वजन करणे आवश्यक ठरते. आपल्या जिल्ह्यात ऊस काट्यावर चढतो, गूळ काट्यावर चढतो, दूध संस्थेत मापाने व फॅटने मोजले जाते. रुग्णही काट्यावर चढावा, एवढीच ही अपेक्षा आहे.

सुईच्या टोकाशी घ्यावयाची काळजी

मात्रा बरोबर असली, तरी औषध थेट रक्तवाहिनीत गेल्यास अल्प प्रमाणातही धोका संभवतो. म्हणून औषध सोडण्यापूर्वी डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते काय ते पाहतात. सर्व औषध एकदम न देता थोडे थोडे देतात आणि मध्ये थांबतात. मोठ्या मज्जातंतूजवळ इंजेक्शन द्यावयाचे असेल तर आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहून ते देता येते. त्यामुळे हा धोका कमी झाला आहे.

सर्वांत स्वस्त साधन मात्र संभाषण हे आहे. रुग्ण जागा असतो. डॉक्टर त्याच्याशी बोलत राहिले, तर पहिली सूचना त्याच्याच तोंडून मिळते. ओठांभोवती मुंग्या येणे, जिभेला बधिरता, तोंडात धातूसारखी चव, कानात घणघण, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, अकारण अस्वस्थता किंवा असंबद्ध बडबड ही या विषबाधेची पूर्वचिन्हे होत. यापैकी काही जाणवले तर रुग्णाने संकोच न करता त्याच क्षणी सांगावे. हे चिन्ह मिळताच इंजेक्शन थांबते. कधी कधी ही चिन्हे न दिसता एकदम झटके येतात किंवा हृदयावर आघात होतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. परिणाम बहुधा काही मिनिटांतच दिसतो, तथापि तो उशिराही दिसू शकतो. यासाठी मोठ्या मात्रेचे इंजेक्शन झाल्यावर रुग्णाला किमान अर्धा तास नजरेखाली ठेवण्याचा प्रघात आहे. एस. टी. चुकेल म्हणून लगोलग उठून जाऊ नये.

इंजेक्शनाबाहेरचे दोन धोके मातापित्यांनी व शिक्षकांनी जाणून घ्यावेत. त्वचा बधिर करणारी मलमे मोठ्या भागावर चोपडून वरून प्लॅस्टिक गुंडाळल्यास औषध त्वचेतून रक्तात शिरते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने याविषयी २००७ मध्ये इशारा दिला होता. बाळाच्या हिरड्या दात येताना दुखतात म्हणून लिग्नोकेनचे घट्ट द्रावण चोळू नये, असे त्याच यंत्रणेने २०१४ मध्ये बजावले. बेंझोकेन व प्रिलोकेन ही याच वर्गातील औषधे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच कमी करू शकतात. मग बाळ निळसर पडते. असे औषध डॉक्टरांना विचारल्याविना लावू नये.

दुधाळ उतारा

विषबाधा झालीच, तर काय करतात? इंजेक्शन थांबवितात, मदतीस हाक देतात, श्वासमार्ग मोकळा करून शंभर टक्के प्राणवायू देतात, आकडी थांबविण्याचे औषध देतात आणि नाडी थांबली असल्यास छाती दाबण्यास सुरुवात करतात. पूर्वी एवढे करूनही ब्यूपिवाकेनने थांबलेली हृदये पुष्कळदा सुरू होत नसत. १९९८ साली शिकागो येथील डॉ. गाय वाइनबर्ग यांनी एक अनपेक्षित शोध प्रसिद्ध केला. तोंडाने अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना पोषणासाठी शिरेतून स्निग्ध पदार्थाचे एक पांढरे द्रावण देतात. ते दिले असता उंदरांची हृदये या औषधाचा बराच मोठा मारा सहन करतात, असे त्यांना आढळले. पुढे २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. खांद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या इंजेक्शनानंतर त्याचे हृदय बंद पडले होते. सुमारे वीस मिनिटे सर्व प्रयत्न करूनही यश येईना. तेव्हा हे द्रावण देण्यात आले, आणि थोड्याच वेळात हृदयाची लय परत आली. तो रुग्ण पूर्ण बरा झाला. त्यानंतर अनेक देशांतील भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी या उपचाराचा आपल्या मार्गदर्शक सूचनांत समावेश केला.

हे द्रावण बहुधा सोयाबीनच्या तेलापासून बनविलेले असते. आपल्या जिल्ह्यात खरिपात डोलणारे ते हेच सोयाबीन. बधिर करणारी औषधे स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात. रक्तात तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब आले की ते औषधाला मेंदू व हृदयापासून ओढून घेतात आणि यकृताकडे वाहून नेतात. दुर्बल झालेल्या हृदयालाही त्यांचा आधार मिळतो. वीस टक्क्यांच्या द्रावणाची पहिली मात्रा दर किलो वजनामागे दीड मिलिलीटर, म्हणजे ५० किलोच्या रुग्णास ७५ मिलिलीटर इतकी असते. त्यानंतर सावकाश थेंबाथेंबाने ते चालू ठेवतात. हे रुग्णालयात निर्जंतुक स्थितीत शिरेतून द्यावयाचे औषध आहे. घरातील दूध वा तेल पाजण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे गावोगाव आवर्जून सांगावे. भूल देण्यासाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल हे औषधही असेच पांढरे दिसते, पण ते या उताऱ्याच्या जागी वापरता येत नाही. आणि उतारा मिळाला तरी त्याचे काम प्राणवायूनंतरचे आहे. श्वास सांभाळला गेला नाही, तर उताऱ्याला काम करण्यास अवधीच उरत नाही.

महाडचा धडा

लहान दवाखान्यातून एवढे कसे साधावे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच राज्याने दिलेले आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. या विषानेही हृदय दुबळे होते आणि फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. रायगड जिल्ह्यातील ग्रामीण भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुग्णांच्या उशाशी बसून या लक्षणांच्या नोंदी केल्या आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आपल्या विषयाशी याचा आणखी एक संबंध आहे. विंचवाच्या दंशाची वेदना शमविण्यासाठी त्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. वेदना थांबते, नातेवाईक निर्धास्त होतात आणि रुग्णाला घरी नेऊ लागतात. परंतु विष हृदयावर आपले काम करीतच असते. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, दम लागणे याकडे लक्ष ठेवावेच लागते. वेदना थांबली म्हणजे धोका टळला असे नव्हे, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

आपण काय करावे

कोल्हापूर शहरात मोठी रुग्णालये आहेत, भूलतज्ज्ञ आहेत. पण चंदगडचे टोक येथून शंभर किलोमीटरहून दूर आहे. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा येथील पावसाळा आपणांस ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच पाण्याखाली गेला होता. ज्या संकटात हाताशी केवळ चार-पाच मिनिटे असतात, त्यात कोल्हापुरातील औषध चंदगडच्या रुग्णाला उपयोगी पडत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अवश्य बोलवावी, पण ती पोहोचेपर्यंत श्वास चालू ठेवणे हे त्या खोलीतील माणसांचेच काम असते.

पंचायत सदस्यांनी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत पुढील प्रश्न विचारावेत. जेथे टाके घालतात वा शस्त्रक्रिया होते, तेथे प्राणवायूचे सिलिंडर भरलेले आहे काय? ते उघडण्याची किल्ली जवळच आहे काय? मोठ्यांसाठी व बालकांसाठी वेगवेगळी अँब्यू बॅग आहे काय? वजनकाटा चालू आहे काय? जेथे मोठ्या मात्रेची इंजेक्शने दिली जातात, तेथे स्निग्ध द्रावणाची बाटली आहे काय, तिची मुदत कोणती आणि ती कोठे ठेवली आहे हे पाळीवरच्या परिचारिकेला ठाऊक आहे काय? कमाल मात्रेचा तक्ता मराठीत भिंतीवर लावला आहे काय? हे प्रश्न डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्यासाठी विचारावयाचे नाहीत. साधन मागणाऱ्या डॉक्टरांच्या मागणीला लोकप्रतिनिधींचे बळ मिळावे, हा त्यामागील हेतू आहे.

शिक्षकांनी टक्केवारीचा पाठ शिकविताना लिग्नोकेनच्या कुपीचे एक उदाहरण फळ्यावर घालावे. उद्याची परिचारिका आणि उद्याचा डॉक्टर त्याच वर्गात बसलेला असतो. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण शाळेत आयोजित करावे. ते पूर, वीज व बुडणे या प्रसंगीही उपयोगी पडते. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या भेटीत नोंदवही पाहण्याबरोबरच सिलिंडरचा काटाही पाहावा.

आणि आपण सर्वांनी, रुग्ण म्हणून, तीन गोष्टी पाळाव्यात. इंजेक्शनपूर्वी आपले वजन, आजार व चालू औषधे सांगावीत. पूर्वी अशा इंजेक्शनाने काही त्रास झाला असल्यास तो लपवू नये. ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात घणघणू लागले, तर लगेच बोलावे.

वेदनेविना उपचार ही मानवाने मिळविलेली मोठी देणगी आहे. ती खेड्यातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली आहे, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा. तिच्यासोबत वजनकाटा, प्राणवायू आणि उतारा हेही त्याच दवाखान्यात पोहोचावेत, यासाठी आपल्या पुढील बैठकीच्या कार्यसूचीत हा विषय घ्यावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.